मिठी, कव, कूस, गळाभेट : मराठीत जवळ घेण्याचे शब्द कसे वापरायचे

संध्याकाळच्या माझ्या मराठीच्या वर्गात बहुतेक जण नोकरीसाठी किंवा लग्न होऊन पुण्यात आलेले असतात. एकदा ‘माझा गेला आठवडा’ या विषयावर दहा ओळी लिहून आणायला सांगितल्या होत्या. मूळच्या पाटण्याच्या एका विद्यार्थिनीने लिहिलं होतं, ‘सासूबाई गावाला निघाल्या तेव्हा मी त्यांना आलिंगन दिले.’ व्याकरणात खोट काढायला जागा नव्हती. तरी हे वाक्य सासूबाईंनी वाचलं असतं, तर त्या अवघडल्या असत्या.

मी तिला विचारलं, नेमकं काय झालं ते सांग. सासूबाईंची बॅग रिक्षात ठेवली, हिने वाकून नमस्कार केला, त्यांनी दंडाला धरून हिला उठवलं, छातीशी घेतलं आणि पाठीवरून हात फिरवला. मग मराठीत हे वाक्य सरळ आहे : ‘सासूबाईंनी मला जवळ घेतलं.’ यात आलिंगन नाही, मिठी नाही, आणि कर्ताही बदलला. मोठ्या माणसाने जवळ घ्यायचं असतं आणि धाकट्याने जवळ जायचं असतं, हे शब्दकोशात सापडत नाही. तिला ते कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून हा लेख. मराठी नव्याने शिकणाऱ्यांसाठी, परदेशात वाढलेल्या मराठी मुलांसाठी, आणि मराठीत भाषांतरं किंवा सबटायटल्स करायला नुकती सुरुवात केलेल्यांसाठीही.

पहिली पायरी : शब्द नीट म्हणा, नीट लिहा

‘मिठी’ हा स्त्रीलिंगी शब्द आहे. एक मिठी, अनेक मिठ्या. ‘ठ’ महाप्राण आहे, म्हणजे तोंडासमोर तळहात धरून म्हटलं तर हाताला हवेचा झोत लागला पाहिजे. तो लागला नाही तर ऐकणाऱ्याला ‘मिटी’ ऐकू येतं आणि त्याचं मन ‘मिटणे’कडे जातं. डोळे मिटतात, पाकळ्या मिटतात, भांडण मिटतं.

‘मि’ ऱ्हस्व आणि ‘ठी’ दीर्घ. पदार्थात घालतो ते ‘मीठ’ मात्र दीर्घ. शेवटचं अक्षर अकारान्त असलं की मराठीत त्याच्या आधीचा इकार बहुधा दीर्घ होतो, म्हणून मीठ, वीट, तीळ. प्रत्यय लागला की तो ऱ्हस्व होतो : मिठात, विटेला, तिळाचा. त्यामुळे फरक शेवटच्या स्वरावर येऊन ठेपतो. कैरीच्या फोडी मिठात मुरतात आणि मूल मिठीत शिरतं. माझ्याकडे आलेल्या वह्यांमध्ये ‘आईच्या मिठात झोपलो’ असं वाक्य दोनदा आलं आहे. दोन्ही वेळा मी चूक दुरुस्त केली आणि पुढचं वाक्य वाचलं. प्रेमाबद्दल लिहिणाऱ्याला स्पेलिंगसाठी वर्गासमोर उभं करू नये, असं मला वाटतं.

मुंबईत मिठी नावाची नदी आहे. विहार आणि पवई तलावांच्या पाण्यातून निघून ती माहीमच्या खाडीला मिळते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि या नदीचं नाव घरोघर पोचलं. ‘मिठीला पूर’, ‘मिठीचा गाळ’ असे मथळे दिसले, तर ते या नदीबद्दल असतात.

दुसरी पायरी : क्रियापद जोडायला शिका

मिठी मारतात. ‘मी मिठी केली’ असं म्हणत नाहीत. ‘मारणे’ म्हटल्यावर नवख्याला धपाटा आठवतो, पण मराठीत उडी मारतात, हाक मारतात, गप्पा मारतात, तशीच मिठी मारतात. क्रियापद मिठीप्रमाणे चालतं, मारणाऱ्याप्रमाणे नाही. ‘त्याने मिठी मारली’, ‘तिने मिठी मारली’, ‘आम्ही मिठी मारली’, सगळीकडे ‘मारली’च. ज्याला मारली त्याला ‘ला’ लागतो : ‘तिने बहिणीला मिठी मारली.’

मारणे आणि घेणे यांत एक फरक आहे आणि तो जपावा. ‘मिठी मारली’ म्हटलं की झेप दिसते, कुणीतरी पुढे झालं. ‘मिठीत घेतलं’ म्हटलं की आधी हात पसरलेले दिसतात आणि समोरचा त्यात आला. मग मिठी घट्ट होते, सैल होते, सुटते. कुणी ती सोडवून घेतं.

‘घट्ट’ हे विशेषण सगळ्यांना येतं. पण मराठीने खास अशा वेळेसाठी राखलेलं क्रियाविशेषण आहे ‘कडकडून’. ‘दोघे कडकडून भेटले’ एवढं म्हटलं तरी पुरतं, ‘मिठी’ शब्द उच्चारायचीही गरज नाही. इथे ‘भेटले’चा अर्थ हाडं वाजतील इतक्या जोराने एकमेकांना धरलं असा होतो. हेच ‘कडकडून’ भुकेलाही लागतं आणि चावण्यालाही, म्हणजे त्यात आवेग आहे. वर्षांनी गाठ पडलेल्या मित्रांसाठी, सैन्यातून रजेवर घरी आलेल्या भावासाठी हा शब्द आहे. रोज ऑफिसात दिसणाऱ्या सहकाऱ्याला कुणी कडकडून भेटत नाही. ‘गच्च’ही चालतो, त्यात आवेगापेक्षा न सोडणं जास्त आहे. अंधारात घाबरलेलं मूल गच्च मिठी मारतं. ‘करकचून’ मात्र दोरीच्या गाठीसाठी ठेवा.

अलीकडे ‘मिठी देणे’ खूप ऐकू येतं. आलिंगन देतात, म्हणून मिठीही द्यावी असं वाटणं साहजिक आहे. लहान मुलं ‘मला मिठी दे’ म्हणतात तेव्हा मी त्यांना टोकत नाही. पण छापायच्या मजकुरात, भाषांतरात मी ‘मारणे’ किंवा ‘मिठीत घेणे’च ठेवते.

मिठीचा अजून एक वापर स्वयंपाकघरात सापडेल. फार गोड, चिकट काही खाल्लं आणि जीभ जडावली की ‘तोंडाला मिठी बसली’ म्हणतात. घट्ट धरून ठेवणं हा मिठीचा गाभा आहे आणि प्रेम त्यात नंतर येतं, हे या वापरावरून कळतं. पुढे मगरमिठी भेटेल तेव्हा हे लक्षात असू द्या.

तिसरी पायरी : कोण कोणाला धरतंय ते पाहा

या पायरीवर मी वर्गात सगळ्यात जास्त वेळ देते, इथेही देणार आहे. वाक्य लिहिण्याआधी तीन गोष्टी डोळ्यांसमोर आणा : मोठं कोण आहे, आधार कोणाला हवा आहे, आणि शरीराचा कुठला भाग कुठे टेकला आहे. मराठी शब्द या तिन्हींप्रमाणे बदलतो.

‘जवळ घेणे’ हा मराठी घरातला सगळ्यात खरा शब्द. आई, आजी, मावशी, मोठी ताई, कधी वडील जवळ घेतात. ‘ये बाळा, जवळ ये.’ आमच्या पिढीच्या घरांमध्ये मिठ्या मारायची पद्धत कमी होती. वडील तर पाठीवर थाप मारून थांबायचे. पण जवळ घेतलं जायचं, आणि त्या शब्दात मायेची काही कमी नव्हती.

‘पोटाशी धरणे’ त्याहून आतलं. यात धरणारी व्यक्ती धरलेल्याला सांभाळते, झाकते. पोरक्या झालेल्या पुतण्याला काकूने पोटाशी धरलं, याचा अर्थ तिने त्याला एकदा मिठी मारली एवढाच नाही. तिने त्याला आपलं मानलं, वाढवलं. भाषांतरात हा वाक्प्रचार वापरताना वर्षांचा विचार करा, क्षणाचा नाही.

‘उराशी धरणे’ किंवा ‘उराशी कवटाळणे’ वस्तूंनाही चालतं. गेलेल्या मुलाचा शर्ट, जुनं पत्र, तसबीर. माणसं स्वप्नंही उराशी बाळगतात.

‘कुशीत घेणे, कुशीत शिरणे’ हे झोपेचे आणि थंडीचे शब्द. कूस म्हणजे शरीराची बाजू, म्हणून कुशीवर वळतात. कूस म्हणजे गर्भाशयही, म्हणून ‘तिची कूस उजवली’. मूल कुशीत शिरतं तेव्हा हे दोन्ही अर्थ सोबत असतात. उभ्या माणसांच्या मिठीला ‘कूस’ म्हणू नका.

‘बिलगणे’ लहानाचं, घाबरलेल्याचं, आसुसलेल्याचं. वासरू गाईला बिलगतं, शाळेच्या पहिल्या दिवशी मूल आईला बिलगतं. व्याकरणातला एक खड्डा इथे आहे : हे क्रियापद अकर्मक आहे. ‘तो आईला बिलगला’, ‘ती आईला बिलगली’. ‘त्याने बिलगलं’ असं होत नाही. याउलट ‘कवटाळणे’ सकर्मक आहे : ‘तिने बाळाला कवटाळलं.’ दोन्ही वाक्यं वहीत शेजारी शेजारी लिहा आणि रोज मोठ्याने म्हणा. आठवड्यात जीभ बसेल.

‘गळ्यात पडणे’ आनंदाचंही आणि दुःखाचंही. लग्नात पाठवणीच्या वेळी मुलगी आईच्या गळ्यात पडून रडते. मैत्रिणी गळ्यात गळा घालून चालतात. पण ‘हे काम माझ्या गळ्यात पडलं’ म्हटलं की नको असलेलं ओझं आलं, आणि ‘गळेपडू’ म्हणजे नकोसा लगट करणारा. हिंदी मातृभाषा असलेल्यांनी इथे थांबून पाहावं. ‘गले लगाया’चं शब्दशः ‘गळ्याला लावलं’ करू नका, मराठीत गळ्याला फास लागतो. ‘जवळ घेतलं’ म्हणा. ‘गले मिले’साठी ‘गळाभेट घेतली’ म्हणा.

आणि आलिंगन? हा संस्कृत, नपुंसकलिंगी शब्द दोन ठिकाणी शोभतो. एक देवाच्या संदर्भात, दुसरा शृंगाराच्या. ‘चुंबन-आलिंगन’ ही जोडी सिनेमाच्या परीक्षणात इतकी वापरली गेली आहे की पालकांसाठीच्या पत्रकात ‘मुलांना रोज आलिंगन द्या’ असं वाचलं की मराठी माणूस चमकतो. तिथे ‘मुलांना रोज जवळ घ्या’ लिहा.

चौथी पायरी : हात किती पसरले, ते मोजा

दोन्ही हात आडवे पसरले की एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंतचं अंतर म्हणजे ‘वाव’. दोरी, विहिरीची खोली पूर्वी वावेने मोजत. तेच हात पुढे आणून गोल वळवले की झाली ‘कव’. कवेत माणूस मावतो, गवताचा भारा मावतो, खांब मावतो. ‘कवेत न मावणारा बुंधा’ म्हटलं की वडाचं झाड दिसतं. कुस्तीत प्रतिस्पर्ध्याच्या कमरेला कव घालतात. म्हणजे कव ही ताकद आणि माप यांची भाषा आहे, माया त्यात असेल किंवा नसेल.

म्हणूनच प्रतापगडाच्या पायथ्याशी 10 नोव्हेंबर 1659 ला झालेल्या भेटीचं वर्णन करताना कथेकरी ‘खानाने महाराजांना कवेत घेतलं, मान काखेत दाबली’ असं सांगतात. तिथे ‘जवळ घेतलं’ म्हणून बघा, सगळा प्रसंग कोसळतो. भेटीची रीत म्हणून दोघांनी एकमेकांना आलिंगन देणं ठरलेलंच होतं. रीत आलिंगनाची आणि कृती आवळण्याची, आणि ‘कव’ हा शब्द दोन्हींच्या मधोमध उभा आहे.

झाडांना मिठी मारण्याची गोष्ट उत्तराखंडातली. चमोली जिल्ह्यात 1973 मध्ये चिपको आंदोलन सुरू झालं. 26 मार्च 1974 ला रेणी गावात गौरादेवी आणि गावातल्या बायका झाडं आणि ठेकेदाराची माणसं यांच्या मध्ये उभ्या राहिल्या. ‘चिपको’ म्हणजे चिकटा. मराठीत ‘झाडांना चिकटल्या’ म्हटलं तर डिंकाची आठवण होते, म्हणून आपल्याकडे ‘झाडांना मिठ्या मारल्या’ किंवा ‘झाडं कवटाळली’ असंच सांगतात. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात 1983 मध्ये तसंच आंदोलन झालं, त्याचं नाव ‘अप्पिको’. कन्नडमध्ये त्याचा अर्थच मिठी मारा. एकच कृती, पण हिंदीने चिकटणं पाहिलं आणि कन्नडने मिठी. भाषांतर करताना शब्दाऐवजी कृतीकडे पाहायचं ते असं.

गोव्यात जाणार असाल तर कोकणीतला ‘वेंग’ शिकून घ्या. ‘वेंगेंत घेवप’ म्हणजे मिठीत घेणं. तळकोकणातल्या बोलीतही हा शब्द ऐकू येतो आणि मला तो फार आवडतो.

पाचवी पायरी : भेट हीच मिठी

ज्याला आपण आज मिठी म्हणतो, त्याला जुन्या मराठीत ‘खेंव’ म्हणत. तो आला ‘क्षेम’वरून. क्षेम म्हणजे कुशल. कुशल विचारणं आणि छातीला छाती लावणं इतकं एक होतं की ‘क्षेम देणे’चा अर्थच आलिंगन देणे झाला. संतांचं वाङ्मय वाचायला घेतलंत की ‘क्षेम’ शब्दाजवळ थांबा, तिथे बहुतेक वेळा पसरलेले बाहू आहेत. 1290 च्या ज्ञानेश्वरीत अठराव्या अध्यायाच्या शेवटाकडे कृष्ण उजवा हात पसरून अर्जुनाला हृदयाशी घेतो, आणि ज्ञानदेव म्हणतात की दोघांचं दोनपण न मोडता त्याने अर्जुनाला आपल्यासारखं केलं. धरलेला माणूस वेगळा राहिला, तरी दोन नव्हते. मिठीबद्दल याहून नेमकं मी कुठे वाचलेलं नाही.

पंढरपूरच्या मंदिरात सोळखांबी मंडपात चांदीने मढवलेला गरुडखांब आहे. वारकरी त्याला कवेत घेतात. इथे लिहिताना ‘आलिंगन’ शोभतं, ‘खांबाला भेटतात’ असंही म्हणतात. ‘उराउरी भेट’ हा शब्दही इथलाच, ऊर ऊराला लागला की ती भेट. आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची आणि सोपानकाकांची पालखी वाटेत एकत्र येते, त्या सोहळ्याला ‘बंधुभेट’ म्हणतात. पालख्यांना हात नसतात, पण भोवतालची माणसं एकमेकांना उराउरी भेटत असतात.

‘गळाभेट’ आज वर्तमानपत्रांत सर्रास दिसते. ईदच्या नमाजानंतर गळाभेट घेतात, निवडणुकीनंतर रुसलेले नेते गळाभेट घेतात. महाराष्ट्राच्या कारागृह विभागाचा ‘गळाभेट’ नावाचाच उपक्रम आहे. एरवी कैद्याला मुलं दिसतात ती जाळीपलीकडून. या दिवशी ती त्याच्याजवळ येऊन बसतात. नाव ठेवणाऱ्याने विचार करून ठेवलं आहे. ‘मुलाखत’ हा तुरुंगातला रोजचा शब्द, त्यात स्पर्श नाही. गळाभेटीत आहे.

सहावी पायरी : जिथे मिठी जाचते

‘मगरमिठी’ म्हणजे न सुटणारी, खाली ओढणारी पकड. सावकाराची मगरमिठी, महागाईची मगरमिठी. ‘विळखा’ सापाचा, वेलीचा, व्यसनाचा, कर्जाचा, तो हळूहळू आवळतो. ‘धृतराष्ट्राचं आलिंगन’ राजकीय लेखांत भेटेल. युद्धानंतर धृतराष्ट्राने भीमाला भेटायला बोलावलं, कृष्णाने भीमाऐवजी लोखंडी पुतळा पुढे केला आणि त्या पुतळ्याचा चुरा झाला. वरून प्रेमाची दिसणारी, आतून चिरडणारी मिठी म्हणजे ही.

‘मृत्यूला कवटाळलं’ हा प्रयोग आत्महत्येच्या बातम्यांत अजूनही दिसतो. कृपा करून तो वापरू नका. कवटाळणं हे मायेचं क्रियापद आहे आणि अशा मृत्यूला त्याचा गोडवा देणं घरच्यांवर अन्याय आहे.

नको असलेल्या स्पर्शासाठी मराठीत जुना, स्वच्छ शब्द आहे, ‘अंगचटीला येणे’. ‘तो अंगचटीला आला’ म्हटलं की ऐकणाऱ्याला दोष कोणाचा ते कळतं. भाषांतरात अशा जागी ‘त्याने तिला मिठी मारली’ एवढंच लिहिलं तर जे घडलं ते गोड होऊन जातं. निदान ‘जबरदस्तीने’ हा शब्द आलाच पाहिजे. कायद्याच्या मराठीत हा ‘विनयभंग’ आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 74 त्यासाठी लागू आहे.

अनुवादकांसाठी अजून एक गोष्ट, संकोच न करता सांगते. इंग्रजीतला ‘हग’ देवनागरीत लिहू नका. ‘हगणे’ म्हणजे शौचाला बसणे, आणि ‘हग’ हे त्याचं आज्ञार्थी रूप आहे. शहरातली मुलं बोलताना तो इंग्रजी उच्चार सहज वापरतात आणि कुणाला काही वाटत नाही. पण कागदावर ‘आईने हग दिला’ वाचलं की मराठी वाचकाचं लक्ष आईवरून उडतं. फेब्रुवारी 2023 मध्ये 14 तारखेला गाईला मिठी मारण्याचं केंद्राच्या पशुकल्याण मंडळाचं आवाहन आलं आणि काही दिवसांत मागेही घेतलं गेलं. तेव्हा ‘काऊ हग डे’ असं लिहिलेलं मी वाचलं आणि शेजारीच ‘गाईला मिठी’ असंही. दुसरं किती सोपं होतं.

सातवी पायरी : सराव

एका आठवड्यात तुमच्या डोळ्यांसमोर घडलेल्या पाच मिठ्या आठवा. रेल्वे स्टेशनवरची, शाळेच्या फाटकापाशी दिसलेली, मैदानावरची, दवाखान्याच्या बाकावरची. प्रत्येकीसाठी एकच वाक्य लिहा, पण पाच वाक्यांत ‘मिठी’ हा शब्द फक्त एकदा येऊ द्या. मग ती वाक्यं एखाद्या मराठी आजीला वाचून दाखवा. जिथे ती म्हणेल, ‘अगं, असं नाही म्हणत’, तिथे खूण करा आणि ‘मग कसं म्हणता?’ एवढंच विचारा. ती जे सांगेल ते जसंच्या तसं लिहून घ्या.

पाटण्याच्या त्या विद्यार्थिनीने हा सराव केला. महिन्याभरात तिचे वडील पहिल्यांदा पुण्याला आले. त्यांच्याबद्दल तिने लिहिलं होतं, ‘गाडी तीन तास उशिरा आली. डब्याच्या दारात बाबा दिसले. मी धावत गेले आणि बाबांना कडकडून भेटले. मग त्यांनी मला जवळ घेतलं.’ मी लाल पेन बाजूला ठेवलं.